बँकेच्या लिलावातलं घर घेताना: आधी काय तपासायचं, मग काय भरायचं

मी बँकेच्या वसुली विभागात नोकरी केली. आता ओळखीतले लोक लिलावाची नोटीस घेऊन घरी येतात. त्यातले बहुतेक जण अनामत रक्कम भरून झाल्यावर येतात आणि विचारतात, "साहेब, घर घेण्यासारखं आहे ना?" लिलाव तेव्हा चार दिवसांवर आलेला असतो, सर्च रिपोर्ट (मालकीच्या आणि बोज्यांच्या जुन्या नोंदी शोधून वकील देतो तो अहवाल) काढायला वेळ उरलेला नसतो, आणि भरलेल्या पैशांमुळे मन आधीच त्या घराकडे झुकलेलं असतं. घरात दोष असेलच असं नाही. पण उलट्या क्रमाने गेलेला माणूस दोष दिसला तरी थांबत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

क्रम असा हवा: नोटीस, ताबा, कागद, जागेवरची पाहणी, थकबाकी, हिशोब, कर्जाची सोय आणि शेवटी अनामत. बोली त्याच्याही नंतर. पहिल्या लिलावाला नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून किमान 30 दिवस मिळतात. पहिल्या दिवशीच कामाला लागलात तर ते पुरतात.

## टप्पा 1: विकणारा कोण, कायदा कोणता

सोलापुरात लिलावाची घरं प्रामुख्याने तीन वाटांनी येतात, आणि प्रत्येक वाटेचे नियम वेगळे आहेत.

पहिली वाट सरफेसी कायद्याची, म्हणजे थकलेल्या कर्जासाठी तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याची मुभा देणाऱ्या 2002 च्या कायद्याची. राष्ट्रीयीकृत बँका, खासगी बँका, गृहवित्त कंपन्या आणि सहकारी बँका या वाटेने येतात. सहकारी बँकांना हा कायदा लागू आहे की नाही यावर बरीच वर्षं वाद होता. मे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो लागू असल्याचं सांगितलं, आणि ते प्रकरण आपल्याच राज्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेचं होतं. इथे लिलाव करणाऱ्याला 'प्राधिकृत अधिकारी' म्हणतात.

दुसरी वाट पतसंस्थांची. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 101 खाली वसुली दाखला घेते आणि 1961 च्या नियमांतल्या नियम 107 प्रमाणे विशेष वसुली अधिकारी लिलाव करतो. इथे बोली संपताच 15 टक्के भरायचे असतात आणि उरलेली रक्कम विक्रीच्या तारखेपासून 15 दिवसांत. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे: विक्रीनंतर 30 दिवसांच्या आत मूळ मालक थकबाकी आणि तुमच्या खरेदी किमतीच्या 5 टक्के रक्कम भरून विक्री रद्द करण्याचा अर्ज करू शकतो. म्हणून विक्री कायम होईपर्यंत त्या घराला रंग देऊ नका, गवंडी बोलावू नका.

तिसरी वाट कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या वसुली अधिकाऱ्याची. सोलापूर जिल्ह्याची प्रकरणं पुण्याच्या न्यायाधिकरणात चालतात. या वाटेची घरं तुलनेने कमी येतात.

पुढचे टप्पे मुख्यतः सरफेसीच्या लिलावाबद्दल आहेत, कारण बहुतेक लोक तिथेच जातात. कागद, पाहणी आणि हिशोब मात्र तिन्हीकडे सारखेच करायचे.

तपासा: नोटिशीच्या पहिल्या परिच्छेदात कायद्याचं नाव असतं. ते सापडलं नाही तर पुढे वाचू नका, आधी शाखेत जाऊन विचारा.

## टप्पा 2: नोटीस पेन घेऊन वाचा

विक्रीची नोटीस दोन वर्तमानपत्रांत येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. सरकारी बँकांच्या मालमत्ता 'बँकनेट' या पोर्टलवरही दिसतात. मराठी कात्रण आणि पोर्टलवरची सविस्तर अटींची प्रत, दोन्ही छापून घ्या. कात्रणात अटी आखडून दिलेल्या असतात, खरं काय ते लांबलचक प्रतीत असतं.

या गोष्टींवर खूण करा: राखीव किंमत (तिच्यापेक्षा कमीला घर विकलं जात नाही), अनामत रक्कम (बहुधा राखीव किमतीच्या 10 टक्के), अनामत भरण्याची शेवटची तारीख, पाहणीची तारीख, लिलावाची तारीख आणि वेळ, मालमत्तेचं वर्णन चतुःसीमेसह, ताबा कोणता, आणि 'ज्ञात बोजे' (मालमत्तेवरची माहीत असलेली देणी आणि इतरांचे हक्क) या रकान्यात काय लिहिलं आहे.

मग तारखा मोजा. पहिल्या लिलावात नोटीस प्रसिद्ध होणं आणि विक्री यांत 30 दिवसांचं अंतर हवं. आधीचा लिलाव फसून पुन्हा होत असेल तर 15 दिवस चालतात. त्याआधीचा क्रमही नीट झालेला हवा: 60 दिवसांची मागणी नोटीस, त्यानंतर ताबा नोटीस, मग विक्रीची नोटीस. बँकेच्या एखाद्या कारवाईवर कर्जदाराचा आक्षेप असेल, तर तो त्या कारवाईपासून 45 दिवसांत न्यायाधिकरणात अर्ज करू शकतो. तारखांतली चूक हा त्याचा सर्वांत सोपा मुद्दा असतो. विक्री रद्द झाली तर पैसे परत येतात, पण मधली वर्षं येत नाहीत.

'जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे, तेथे जे काही आहे' हे शब्द प्रत्येक नोटिशीत असतात. ते छापील म्हणून सोडून देऊ नका. घराची अवस्था, थकबाकी, अतिक्रमण, सगळं तुमच्या माथी येणार, असा त्याचा अर्थ आहे. नंतर बँकेला "तुम्ही सांगितलं नाही" म्हणण्याची सोय राहत नाही.

एक प्रश्न नेहमी येतो: कर्जदाराने शेवटच्या क्षणी पैसे भरले तर? 2016 च्या दुरुस्तीनंतर मालमत्ता सोडवून घेण्याचा त्याचा हक्क विक्रीची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात हेच सांगितलं. हा मुद्दा खरेदीदाराच्या बाजूचा आहे. पण तो नोटीस नीट निघाली असेल तरच उपयोगी पडतो, म्हणून वरचं तारखांचं गणित टाळू नका.

## टप्पा 3: ताब्याचा प्रश्न आधी सोडवा

माझ्या मते सगळा निर्णय इथे ठरतो. ताबा दोन प्रकारचा असतो. 'सांकेतिक ताबा' म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली आणि पेपरात दिली, घरात मात्र कर्जदार राहतोच आहे. 'प्रत्यक्ष ताबा' म्हणजे कुलूप आणि किल्ली बँकेकडे आहे.

सांकेतिक ताब्याच्या घराला राखीव किंमत कमी दिसते आणि लोक तिथेच भुलतात. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला कलम 14 खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकारी यांच्याकडे अर्ज करावा लागतो. कायद्यात आदेशाची मुदत 30 दिवसांची, फार तर 60 दिवसांची आहे. प्रत्यक्षात आदेश, मग पोलीस बंदोबस्ताची तारीख, मग घरात आजारी माणूस किंवा परीक्षेचं मूल म्हणून पुढची तारीख, असं वर्ष सहज जातं. आणि हा अर्ज फक्त बँकच करू शकते. तुम्ही खरेदीदार म्हणून तो करू शकत नाही. तुमचे पूर्ण पैसे जमा झाल्यावर बँकेची घाई संपते, तुमची सुरू होते.

म्हणून प्राधिकृत अधिकाऱ्याला ईमेलने, लेखी, हे चार प्रश्न विचारा:

1. प्रत्यक्ष ताबा आहे का, असल्यास कोणत्या तारखेपासून?
2. नसल्यास कलम 14 चा अर्ज केला आहे का? आदेश झाला असेल तर त्याची प्रत मिळेल का?
3. न्यायाधिकरणात किंवा न्यायालयात या मालमत्तेबद्दल काही अर्ज चालू आहे का, स्थगिती आहे का?
4. घरात भाडेकरू आहे का, त्याचा करार नोंदणीकृत आहे का आणि तो तारणाच्या आधीचा आहे का?

शेवटच्या प्रश्नाला विशेष जपा. घर तारण ठेवण्याआधीचा नोंदणीकृत भाडेकरार मुदत संपेपर्यंत टिकू शकतो. तोंडी भाडेकरूचं म्हणणं तितकं टिकत नाही, पण तो वाद घालायला मोकळा असतोच.

इशारा: तोंडी उत्तरावर जाऊ नका. "ताबा आठ दिवसांत देतो" हे वाक्य मी स्वतः एका खरेदीदाराला सांगितलं होतं, त्या वेळी मला ते खरंच वाटत होतं. त्याला घर चौदा महिन्यांनी मिळालं. तेव्हापासून मी कुणालाही लेखी उत्तर घेतल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

पहिल्यांदा घर घेणाऱ्या, भाड्याने राहणाऱ्या आणि हातात मोजकेच पैसे असलेल्या कुटुंबाने सांकेतिक ताब्याच्या घराच्या वाटेला जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

## टप्पा 4: कागद

बँकेने कर्ज देताना कागद तपासले असणार, मग आपण कशाला तपासायचे, ही सर्वांत महागात पडणारी समजूत आहे. बँकेने तपासलं ते कर्ज देताना, बऱ्याच वर्षांपूर्वी, आणि स्वतःच्या पैशापुरतं. स्थानिक दिवाणी वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट काढा. त्याची फी वाचवू नका. वकील तुमचा असावा, मालमत्ता दाखवणाऱ्या दलालाने सुचवलेला नको.

वकिलाकडे देण्याआधी स्वतः एवढं जमवा: शहर हद्दीतली मिळकत असेल तर नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका, नाहीतर सातबारा, सूची क्रमांक दोनचे उतारे (नोंदणी झालेल्या दस्तांचा गोषवारा), अकृषिक आदेश (जमीन बिगरशेती केल्याचा), महापालिकेचा बांधकाम परवाना आणि वापर परवाना, फ्लॅट असेल तर डीड ऑफ अपार्टमेंट किंवा सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट).

सोलापुरात कुठे काय अडकतं ते सांगतो.

हद्दवाढ भाग. शहराच्या कडेला अनेक घरं अशा प्लॉटवर आहेत की सातबाऱ्यावर जमीन अजून शेतीच आहे. कलम 31 प्रमाणे सरफेसी कायदा शेतजमिनीच्या तारणाला लागू होत नाही. अकृषिक आदेश नसेल तर कर्जदाराच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो आणि लिलावच अडचणीत येऊ शकतो. अकृषिक आदेशाची प्रत हातात आल्याशिवाय अनामत भरू नका.

गुंठेवारी. दोन-अडीच गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या जागा 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाल्या आहेत का ते पाहा. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मागा, पैसे भरल्याची पावती म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. पतसंस्थांच्या लिलावात कधी कधी नोटरी केलेल्या कागदावरची जागाही येते. नोटरीने मालकी येत नाही. अशी फाइल तिथेच बंद करा.

जुन्या पेठा. भवानी पेठ, साखर पेठ, मंगळवार पेठ या भागांत घर एकाच्या नावावर आणि हक्क चार भावांचा, हे सर्रास दिसतं. सामाईक भिंत, सामाईक बोळ, वरच्या मजल्याचा जिना दुसऱ्याच्या अंगणातून. वाटपाचा दावा चालू आहे का हे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर कर्जदाराच्या आणि त्याच्या भावांच्या नावाने शोधा. न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावरही पक्षकाराच्या नावाने प्रकरण सापडतं. आडनाव इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहून पाहा. तेलुगू आणि कन्नड आडनावांत हमखास फरक पडतो.

आणखी एक शोध घरबसल्या होतो. सरसाई या केंद्रीय नोंदणीत थोडं शुल्क भरून एखाद्या मालमत्तेवर आणखी कुणाचं तारण नोंदलेलं आहे का ते पाहता येतं. पाच मिनिटांचं काम आहे, तरी दहातले नऊ जण करत नाहीत.

तपासा: नोटिशीतला मिळकत क्रमांक, मिळकत पत्रिकेवरचा, खरेदीखतावरचा आणि घरपट्टीच्या पावतीवरचा, हे सगळे एकाखाली एक लिहा. फरक असेल तर बँकेकडून लेखी खुलासा घ्या.

## टप्पा 5: जागेवर जाणं

पाहणीची तारीख नोटिशीत दिलेली असते. त्या दिवशी बँकेच्या माणसाबरोबर जा, पण त्याआधी एकदा एकटे आणि नंतर एकदा संध्याकाळी जा. शेजाऱ्यांशी बोलणं हीच खरी पाहणी. आपल्याकडे माणसं मोकळी असतात, "मालक, आत माणसं राहतेत की ओ अजून" हे बँकेच्या पत्रात नसतं, पानटपरीवर कळतं. पूर्व भागात जाणार असाल तर तेलुगू बोलणारा मित्र सोबत न्या, चौकशीचा रंगच बदलतो.

टेप न्या. दर्शनी रुंदी, खोली, रस्ता किती फुटांचा, चारी बाजूंना कोण. एका ओळीत सारखी दिसणारी रो हाउसेस असतात तिथे चुकीचं घर दाखवलं जाण्याचा धोका खरा आहे. एका गृहस्थांना कोपऱ्यावरचं घर दाखवलं गेलं होतं. चतुःसीमेत पूर्वेला 'रस्ता' ऐवजी 'प्लॉट' लिहिलेलं होतं. त्यांच्या मुलीने मोबाइलवर कंपास लावून दिशा पाहिल्या तेव्हा कळलं, की लिलावातलं घर मधलं आहे. दर त्यांनी कोपऱ्याचा धरला होता.

बांधकामात काय पाहायचं हे घरात जाता आलं तरच ठरतं. सोबत अनुभवी गवंडी किंवा अभियंता न्या. स्लॅबची गळती, गंजलेल्या सळ्या, बंद घरातली वाळवी, काढून नेलेले नळ आणि वायरिंग. आत जाता येत नसेल तर गच्चीवरचा आणि मागच्या भिंतीचा फोटो शेजारच्या गच्चीवरून मिळतो. आणि हौद बघा. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं. लहान हौद आणि आटलेलं बोअर असलेलं घर उन्हाळ्यात टँकरवर चालवावं लागतं.

परवान्यापेक्षा एक मजला जास्त चढवलेला असेल तर तो मजला किमतीत धरू नका. पाडण्याची नोटीस आली तर ती तुमच्या नावाने येईल.

खाली माग, वर घर. ही सोलापूरची खास गोष्ट, म्हणून वेगळी लिहितो. टॉवेल-चादरीचा कारखाना तळमजल्यावर आणि कुटुंब वर, अशी घरं लिलावात बरीच येतात. घराच्या नोटिशीत यंत्रमागांचा उल्लेख नसेल तर ते तुमचे नाहीत. ते दुसऱ्याच बँकेला तारण असू शकतात आणि ती बँक ते उचलेपर्यंत तळमजला अडतो. मीटर औद्योगिक असतं, थकबाकी घरगुती मीटरच्या कितीतरी पट असते. वर्षानुवर्षं मागांच्या हादऱ्याने भिंतींना तडे गेलेले असतात, रंगाखाली ते दिसत नाहीत. कामगारांच्या देण्यांचा वाद चालू आहे का हेही विचारा. हे सगळं तपासूनही घर घेण्यासारखं निघू शकतं, जागा ऐसपैस असते. पण साध्या राहत्या घराच्या हिशोबाने त्याला बोली लावू नका.

## टप्पा 6: थकबाकी, लेखी

- घरपट्टी आणि पाणीपट्टी: महापालिकेच्या विभागीय कार्यालयातून मिळकत क्रमांकावर थकबाकीचा उतारा घ्या. शास्ती, म्हणजे दंड, वेगळी विचारा.
- वीज: ग्राहक क्रमांक मीटरवर किंवा जुन्या बिलावर मिळतो. मीटर कायमचं बंद केलेलं असलं तरी देणं संपलेलं नसतं. आधीच्या मालकाची वीज थकबाकी लिलावातल्या खरेदीदाराकडून मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या निकालानंतर स्पष्ट आहे. महावितरणकडे लेखी विचारा.
- सोसायटी किंवा अपार्टमेंट: सचिवांकडून देखभाल खर्चाची बाकी, व्याजासह, पत्रावर घ्या. हस्तांतरण शुल्काच्या नावाखाली भरमसाट मागणी झाली तर लक्षात ठेवा, महापालिका हद्दीतल्या गृहनिर्माण सोसायटीला 25,000 रुपयांपेक्षा जास्त हस्तांतरण अधिमूल्य घेता येत नाही.

## टप्पा 7: बोलीची कमाल मर्यादा काढा

इथे लोक राखीव किंमत आणि बाजारभाव यांची तुलना करून खूश होतात. तुलना एकूण खर्चाची करायची असते. एक उदाहरण सोडवून दाखवतो. आकडे नमुन्याचे आहेत, मुद्रांक शुल्क हिशोबापुरतं 6 टक्के धरलं आहे.

समजा विजापूर रोडला तसाच वादमुक्त फ्लॅट उघड्या बाजारात 36 लाखांना मिळतो. त्यावर मुद्रांक शुल्क 2 लाख 16 हजार आणि नोंदणी फी 30 हजार. एकूण 38 लाख 46 हजार.

लिलावातल्या फ्लॅटची राखीव किंमत 28 लाख. तुम्ही 31 लाखांना जिंकलात. आता पुढचं मिळवा: मुद्रांक शुल्क 1 लाख 86 हजार, नोंदणी फी 30 हजार (1 टक्का, पण 30 हजारांच्या वर नाही), घरपट्टी 65 हजार, वीज 18 हजार, सोसायटी 90 हजार, दुरुस्ती अडीच लाख, ताबा मिळेपर्यंत सध्याच्या घराचं बारा महिन्यांचं भाडं 9 हजारांप्रमाणे 1 लाख 8 हजार. बेरीज 38 लाख 47 हजार.

पाच लाख स्वस्त दिसणारा फ्लॅट हजार रुपयांनी महाग पडला. अडकलेल्या पैशांवरचं व्याज आणि वकिलाची फी यात धरलेलीच नाही. म्हणून कागदावर उलटा हिशोब मांडा: बाजारातला एकूण खर्च, वजा सगळी देणी, वजा दुरुस्ती, वजा ताब्याचा काळ, आणि शेवटी या सगळ्या त्रासाबद्दल तुम्हाला किमान किती फायदा हवा ती रक्कम. उरेल ती तुमची शेवटची बोली. ती एका कागदावर लिहून घरच्यांच्या सह्या घ्या. हे नाटक वाटेल, पण लिलावाच्या शेवटच्या दहा मिनिटांत तोच कागद हात धरतो.

मुद्रांक शुल्क लिलावाच्या किमतीवर लागेल की रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराच्या, आणि महिलेच्या नावावर घेतल्यास सवलत मिळेल का, हे नोटीस दाखवून दुय्यम निबंधक कार्यालयात आधीच विचारून घ्या.

## टप्पा 8: पैशाची सोय, मग अनामत

जिंकल्यावर पैसे भरण्याच्या मुदती कडक आहेत. 25 टक्के, त्यात अनामत धरून, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी. उरलेले 75 टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत. बँकेने लेखी मुदतवाढ दिली तरी ती तीन महिन्यांपलीकडे जात नाही.

वरच्याच उदाहरणात 31 लाखांचे 25 टक्के म्हणजे 7 लाख 75 हजार. अनामत 2 लाख 80 हजार गेली. उरलेले 4 लाख 95 हजार दुसऱ्या दिवशी लागणार. ते मुदत ठेवीत असतील तर ठेव कधी मोडायची हे आधी ठरवा. नेटबँकिंगची रोजची मर्यादा पाहा, आरटीजीएससाठी कोरा चेक तयार ठेवा.

75 टक्क्यांसाठी कर्ज काढणार असाल तर लिलावाच्या आधी तत्त्वतः मंजुरी पत्र हवं. लिलाव करणाऱ्याच बँकेला पहिल्यांदा विचारा, कागद त्यांच्याकडेच आहेत, वेळ वाचतो. दुसऱ्या बँकेकडे जात असाल तर सांकेतिक ताब्याच्या घरावर कर्ज देणार का, हा एकच प्रश्न आधी विचारा.

इशारा: उरलेली रक्कम वेळेत भरली नाही तर भरलेले 25 टक्के जप्त होतात. दयामाया नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण 25 टक्के जप्त करणं वैध ठरवलं आहे.

एवढं सगळं जमलं तरच अनामत भरा. पैसे फक्त नोटिशीत किंवा पोर्टलवर दिलेल्या खात्यात जातात. "आतून सेटिंग लावतो, थोडं रोख द्या" म्हणणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवा. अर्जातलं नाव आधार आणि पॅनप्रमाणे, आणि ज्यांच्या नावावर घर हवं त्या सगळ्यांची नावं आत्ताच घाला. पती-पत्नी दोघांच्या नावावर हवं असेल तर नंतर नाव वाढवायला बँक नकार देते आणि वेगळा दस्त करावा लागतो.

## टप्पा 9: लिलावाचा दिवस

हा टप्पा छोटा आहे. आदल्या दिवशी पोर्टलवर लॉगिन करून पाहा. दोन इंटरनेट जोडण्या ठेवा. बहुतेक अटींत राखीव किमतीपेक्षा किमान एक टप्पा वर बोली लागते. शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते, त्यामुळे शेवटच्या सेकंदाची वाट पाहण्यात अर्थ नाही. मर्यादा आली की लॅपटॉप मिटा. हरलात तर अनामत बिनव्याजी परत येते.

## टप्पा 10: जिंकल्यानंतर

25 टक्के भरल्याची पावती, मग विक्री कायम केल्याचं पत्र. पत्रावरच्या तारखेपासून पंधरा दिवस मोजले जातात, पत्र तुमच्या हातात पडल्यापासून नव्हे, असं धरूनच चाला. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस तुम्हाला कापून भरावा लागतो. कुणाच्या पॅनवर भरायचा हे बँकेकडून लिहून घ्या, इथे चूक झाली की दुरुस्तीला महिने जातात.

पूर्ण पैसे गेले की विक्री प्रमाणपत्र मिळतं. सही होण्याआधी त्याचा मसुदा मागा. नावाचं स्पेलिंग, मिळकत क्रमांक, क्षेत्रफळ, चतुःसीमा, पार्किंग आणि सामाईक हिस्सा, बोज्यांचा रकाना, ही प्रत्येक ओळ टप्पा 4 मध्ये केलेल्या यादीशी जुळवा. प्रमाणपत्रासोबत बँकेकडची मूळ कागदपत्रं, जुनं खरेदीखत आणि तारण उतरवल्याची नोंद, यादी करून पोच देऊन घ्या.

ताब्याच्या दिवशी बँकेचा अधिकारी, पंचनामा आणि व्हिडिओ, तिन्ही हवेत. आत कर्जदाराचं सामान असेल तर त्याची यादी बँकेने करायची आणि ते हलवायचंही बँकेनेच. स्वतः कुलूप तोडू नका, सामान बाहेर काढू नका, घरातल्या माणसांशी हुज्जत घालू नका. ते कुटुंब त्या दिवशी आपलं घर सोडत असतं. त्यांना दोन तास जास्त लागले तर द्या. मी पाहिलेल्या ताब्यांपैकी जे शांततेत झाले, तिथे पुढे कुणी न्यायाधिकरणात गेलं नाही असं नाही, पण फौजदारी तक्रारी तरी झाल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी कुलपं बदला.

## टप्पा 11: नावं लावणं

मुद्रांक शुल्क भरून प्रमाणपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवा. मग त्याच्या प्रतीवर या क्रमाने जा: नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवर फेरफार, महापालिकेत कर आकारणीला नाव, महावितरणकडे मीटरचं नाव, सोसायटीत भाग दाखला. पहिलं झाल्याशिवाय पुढचं अडतं, म्हणून उलट्या दिशेने फेऱ्या मारू नका. फेरफाराच्या नोटिशीच्या काळात जुन्या मालकाचा भाऊबंद हरकत घेऊ शकतो, त्या तारखेला हजर राहा.

वर्तमानपत्रांची दोन्ही मूळ पानं, पोर्टलवरच्या अटींची प्रत, लिलावाचा बोली अहवाल, सगळ्या पावत्या, बँकेशी झालेले ईमेल आणि पंचनामा एका फाइलमध्ये लावा, एक संच घराबाहेर ठेवा. दहा वर्षांनी हे घर विकायला काढाल तेव्हा समोरच्याचा वकील सगळ्यात आधी त्या पेपरच्या पानाची तारीख बघेल.